गहाण ठेवलेला पासपोर्ट

थायलंडच्या उत्तरेला, डोंगरांच्या कड्यात बसलेल्या त्या गावाचं नाव पाय. अमेरिकेत, बॉस्टनजवळच्या श्रूजबरीतल्या आमच्या शेजारच्या काकूंना मी ते सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पायला निघालीस? मग पाय जरा जपून टाक." आम्ही दोघी हसलो. काकू पन्नास वर्षांपूर्वी डॉक्टर म्हणून अमेरिकेत आलेल्या, आता रिटायर झालेल्या. त्यांच्या गराजमध्ये त्यांच्या मुलीची कॉलेजातली सॅक पडून होती, ती त्यांनी झटकून मला दिली. "ही घेऊन ती सगळा युरोप फिरली," म्हणाल्या. "मी विमानतळापर्यंत सोडायला गेले, तेवढीच माझी ट्रिप."

जायचं होतं आम्हा दोघींना, मला आणि माझ्या नागपूरच्या कॉलेजातल्या मैत्रिणीला. ती आता पुण्यात असते. चाळिशीच्या आत एकदा तरी नवरे-पोरं घरी ठेवून पाठीवर सॅक टाकून कुठेतरी जायचं, हे आमचं जुनं ठरलेलं. मी अडतीस पूर्ण केली तेव्हा तिनेच फोन करून तारखा काढल्या. दहा दिवस. तिकिटं झाली. आणि निघायच्या पाच दिवस आधी तिच्या सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं.

"मी कॅन्सल करतेय यार," ती फोनवर रडत म्हणाली. "तू पण कर. एकटी कशी जाशील?"

मी करणारच होते. नवरा म्हणाला, "तू जा. दहा दिवसांचा तर प्रश्न आहे. मी बघतो याच्याकडे." 'हा' म्हणजे आमचा मुलगा, सहा वर्षांचा, नुकताच पहिलीत गेलेला. नवऱ्याने हे अगदी मनापासून म्हटलं होतं, हे मला इथे लिहून ठेवायचं आहे. कारण नंतर तो ते विसरला, आणि मीही त्याला कधी आठवण करून दिली नाही.

अमेरिकेत मी नऊ वर्षं राहत होते ती नवऱ्याच्या नोकरीच्या आधारावर मिळालेल्या व्हिसावर. त्या व्हिसाला सगळे 'डिपेंडंट' म्हणतात. नोकरी करायला परवानगी नाही. इंजिनिअरिंगची डिग्री कपाटात, आणि मी मुलाला बसस्टॉपवर सोडून येते, आणते, स्वयंपाक करते, शाळेत व्हॉलंटियर म्हणून पुस्तकं लावते. तक्रार नव्हती. पण त्या नऊ वर्षांत मी एकही रात्र एकटी कुठे झोपले नव्हते.

चियांगमाईहून पायला जाणारी व्हॅन डोंगरातली इतकी वळणं घेते की पुढच्या सीटवरच्या दोन पोरी पूर्ण वाटभर प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड घालून बसल्या होत्या. मला काही झालं नाही. त्याचाही मला अभिमान वाटला. गावात उतरले तर चारी बाजूंना हिरवे डोंगर, मध्ये भातशेती, नदी, आणि रस्त्यावर जगभरची वीस-बावीस वर्षांची पोरं. निम्म्यांच्या गुडघ्याला बँडेज. स्कूटरवरून पडण्याची तिथे रीतच होती. माझं हॉस्टेल नदीकाठी होतं. बांबूच्या झोपड्या, एकेका झोपडीत सहा बंक. माझ्या खालच्या बंकवर एक जर्मन मुलगी होती. तिने मला विचारलं, "तू इथे काम करतेस?" मी म्हटलं, "नाही, मीही फिरायला आलेय." तिने सॉरी म्हणून मला चॉकलेट दिलं.

दुसऱ्या दिवशी मी स्कूटर भाड्याने घ्यायला गेले. दुकान नदीच्या रस्त्यावरच होतं. पुढे स्कूटरींची रांग, मागे दुकानवालीचं घर. बाई पन्नाशीची, ठेंगणी, कपाळावर घामाच्या रुमालाची पट्टी बांधलेली. तिने हात पुढे केला. "पासपोर्ट."

मी झेरॉक्स काढून दाखवली. तिने मान हलवली. "नो कॉपी. पासपोर्ट." आणि टेबलाचा खण ओढून दाखवला. त्यात लाल, निळे, हिरवे असे वीस-पंचवीस पासपोर्ट रबर लावून ठेवलेले. सगळ्या जगाने ठेवलेत, तुला काय झालं, असं तिचं तोंड.

पासपोर्ट कुणाला द्यायचा नसतो, हे मला माहीत होतं. मी अडाणी नव्हते. पण मी अकरावीपासून नागपुरात स्कूटी चालवलेली, आणि अमेरिकेतल्या नऊ वर्षांत दुचाकीला हात लावला नव्हता. रांगेतली एक निळी स्कूटर माझ्यासमोर होती. मी पासपोर्ट तिच्या हातात ठेवला.

पुढचे तीन दिवस मी सुखात होते. हे लिहायला मला आजही जड जातं. भातशेतांमधून, ओढ्यांवरच्या पुलांवरून मी एकटी फिरत होते, वाटेल तिथे थांबत होते. गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून तासभर बसले. बाजारात एक आजी वाफाळतं सोयाचं दूध विकायची, तिच्याकडे रोज सकाळी जायचे. माझी सकाळ म्हणजे घरी रात्रीचे आठ, मुलाची झोपायची वेळ. तेव्हा व्हिडिओ कॉल करायचा असं ठरलेलं. तिसऱ्या दिवशी मी तो केला नाही. विसरले नव्हते. डोंगरावर जाताना वाटेत आठवलं होतं. 'उद्या करू' म्हणून तशीच पुढे गेले.

त्या दुपारपासून पाऊस लागला. दोन दिवस तो डोंगरावर कोसळत राहिला आणि गावात आम्ही पत्ते खेळत बसलो; स्कूटर परत करायलाही मी बाहेर पडले नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे हॉस्टेलची मुलगी काठीने एकेका झोपडीचं दार बडवत ओरडत आली, "अप! अप! रिव्हर!" पायऱ्या उतरलो तर पाणी पोटऱ्यांपर्यंत. सॅक डोक्यावर धरून आम्ही पंधरा-वीस जण टेकडीवरच्या देवळाकडे धावलो. उजाडलं तेव्हा तिथून खाली बघितलं. नदी कुठे आणि रस्ता कुठे काही कळत नव्हतं. सगळं पिवळट तपकिरी. बांबूच्या झोपड्या एकेक करून वळत, तिरक्या होत निघून जात होत्या. आमची कुठली ते मला ओळखू आलं नाही.

जर्मन मुलगी माझ्या शेजारी उभी होती. ती एकदम म्हणाली, "माय पासपोर्ट."

तिचाही त्याच खणात होता. ती म्हणेपर्यंत मला सुचलंच नव्हतं. मी देवळाच्या पायरीवर मटकन बसले. तिचा पासपोर्ट गेला तर ती बँकॉकला जाऊन तिच्या देशाकडून नवा घेईल आणि घरी जाईल. माझ्या पासपोर्टमध्ये अमेरिकेचा व्हिसा चिकटवलेला होता. तो नसेल तर मला अमेरिकेच्या विमानात बसू देणार नाहीत. आणि माझं घर, माझा मुलगा, सगळं अमेरिकेत.

दीड दिवस वीज नव्हती, नेटवर्क नव्हतं. भिक्षूंनी आम्हाला भात दिला, चटया दिल्या. मी खाल्लं नाही. पाणी कुठे उतरलंय हे बघायला तासातासाला पायऱ्यांशी जात होते. नेटवर्क आलं तेव्हा नवऱ्याचे चाळीसच्या वर मिस्ड कॉल होते. त्याने बातम्या पाहिल्या होत्या. आधी तो नुसता रडला. मग मी पासपोर्टचं सांगितलं.

तो मग म्हणाला, "पासपोर्ट कोणी देतं का यार? कोणी देतं का?"

मागून मुलाचा आवाज आला, "इज आई ओके?" आणि नवऱ्याचा, "शी इज फाइन, गो टू बेड."

पाणी उतरलं तशी मी दुकानाकडे गेले. स्कूटरी एकमेकींवर पडून चिखलात रुतल्या होत्या, फक्त हँडलं वर. घराची मागची भिंतच नव्हती. दुकानवाली गुडघाभर गाळात उभी राहून फावड्याने तो बाहेर ओढत होती. मी म्हटलं, "पासपोर्ट?"

तिने माझ्याकडे बघितलं, जणू मी कुठल्या भाषेत बोलतेय तेच तिला कळेना.

"पासपोर्ट! माय पासपोर्ट! व्हेअर इज द ड्रॉवर?" मी ओरडत होते. मग मराठीतून ओरडायला लागले. "मूल आहे माझं तिकडे! कळतंय का तुला? मूल आहे!" तिने फावडं टाकलं. दोन्ही हात पसरून तिने एकदा सगळीकडे दाखवलं, स्कूटरी, भिंत, आत तरंगून आडवा झालेला फ्रिज. मग फावडं उचलून पुन्हा कामाला लागली.

मला इतकी लाज वाटली की तिथून पळून जावंसं वाटलं. पण मी गेले नाही, जाऊच शकत नव्हते. मी हातांनीच गाळ उपसायला लागले. दुपारी जर्मन मुलगी आली, तीही लागली. तो गाळ ओलं सिमेंट असावं तसा जड होता, आणि त्याला डिझेलचा वास होता. पहिल्या दिवशी आम्हाला बशा मिळाल्या, चपला मिळाल्या, दुकानवालीच्या नवऱ्याचा फ्रेममधला फोटो मिळाला. तो वारला होता, हे तिने मला खुणेने सांगितलं आणि फोटो पदराने पुसावा तसा अंगातल्या शर्टाने पुसला. दुसऱ्या दिवशी सकाळी टेबल सापडलं, पण खण नव्हता. संध्याकाळी तो शेजारच्या घराच्या कुंपणाशी सापडला. पासपोर्टांचा गठ्ठा रबरासकट खणाच्या कोपऱ्यात चिकटून बसला होता.

माझा वरून पाचवा होता. दुकानवालीने तो बाटलीतल्या स्वच्छ पाण्याने धुतला आणि दोन्ही हातांनी मला दिला. मी तिच्या गळ्यात पडून रडले. तीही रडली, पण तिच्या रडण्याची कारणं वेगळी होती.

आत फोटोचं पान धड होतं. व्हिसाचं पान पुढच्या पानाला चिकटलेलं. रात्रभर पंख्यासमोर धरून मी ते वाळवलं, नखाने एकेक कोपरा सोडवला. व्हिसाचा कागद फुगला होता, शाई पसरली होती, पण माझा चेहरा ओळखू येत होता, आकडे अर्धे वाचता येत होते. मी नवऱ्याला फोटो पाठवला. "चालेल," तो म्हणाला. "चालेल बहुतेक. तू ट्राय कर." दहा दिवस उलटून गेले होते, त्याने तिकीट पुढे ढकललं. मुलाला मी सांगितलं, "परवा येते बाळा." हे सांगायला नको होतं.

बँकॉकच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट हातात घेतला, मान वाकडी करून व्हिसाचं पान बघितलं, आणि खात्री करायला ते जरा दुमडलं. कागद मधोमध फाटला. अर्धा तिच्या बोटांत राहिला.

"आय ऍम सो सॉरी, मॅडम," ती म्हणाली. ती खरंच घाबरली होती. तिने तिच्या वरिष्ठाला बोलावलं, त्याने आणखी कुणाला. अखेर तो म्हणाला की या पासपोर्टवर तो मला अमेरिकेच्या विमानात बसवू शकत नाही. मी विनवण्या केल्या. मी त्याला मुलाचा फोटो दाखवला. मी आयुष्यात पहिल्यांदा कुणासमोर हात जोडून उभी राहिले, आणि मागच्या रांगेतली माणसं दुसरीकडे बघत राहिली. विमान मला न घेता गेलं.

मग दूतावास, पोलिसांचा कागद, रांगा. मला फक्त भारतात जाता येईल असा एक कागद मिळाला. तिथे नवा पासपोर्ट काढायचा, मग अमेरिकेच्या व्हिसासाठी मुलाखतीची तारीख घ्यायची. अमेरिकेतल्या वकिलानेही नवऱ्याला तेच सांगितलं. "किती दिवस?" मी विचारलं. नवरा म्हणाला, "तारखा दिसतायत त्या फेब्रुवारीच्या." तेव्हा सप्टेंबर संपत होता.

नागपूरला आईने दार उघडलं आणि मला जवळ घेतलं, काही विचारलं नाही. विचारायचं काम बाकीच्यांनी केलं. "अरे, अजून इथेच? मुलाला कोण बघतं?" माहेरी आलेली मुलगी महिन्याच्या वर राहिली की लोकांच्या मनात काहीबाही येतं, कोणी म्हणे नवऱ्याने धाडली, कोणी म्हणे नोकरी गेली त्याची. एका मावशीने तोंडावर ऐकवलं, "आईला सोडून मूल राहतंच, गं. पण मुलाला सोडून आई एकटी फिरायला जाते, हे मी पहिल्यांदा ऐकलं." आई म्हणाली, "चहा घे."

रोज संध्याकाळी पाचला, म्हणजे तिकडे शाळेची बस यायच्या आधी, मी फोन लावायचे. पहिल्या महिन्यात मुलगा फोनला चिकटून बसायचा, फोन घेऊन घरभर फिरायचा, मला छत दिसायचं नाहीतर त्याचं नाक. दुसऱ्या महिन्यात त्याला ताप आला, एकशे तीन. नवरा रात्रीच्या मीटिंगमध्ये होता, मी नसताना त्याला सांभाळणाऱ्या काकू त्याच्यापाशी. मी फोनवरून सुचवत सुटले: कपाळावर पट्टी ठेवा, औषध वरच्या कपाटात आहे, दुसऱ्या खणात, नाही, मागे. मी ओरडतच होते. काकू, ज्यांनी चाळीस वर्षं दवाखाना चालवला, त्या शांतपणे म्हणाल्या, "बाळ, फोन ठेव आता. त्याला तुझा आवाज ऐकून जास्त रडू येतंय." मी फोन ठेवला. बाल्कनीत जाऊन उभी राहिले. समोरच्या गच्चीवर कुणीतरी पापड वाळत घालत होतं, आणि मला तिथून उडी मारावीशी वाटली. मी खरंच कठड्याला धरलं होतं. आई मागून आली, माझा दंड पकडून आत घेऊन गेली आणि त्या दिवसापासून माझ्या खोलीत झोपायला लागली.

तिसऱ्या महिन्यात तो फोनवर यायला कंटाळायला लागला. "से हाय टू आई," नवरा म्हणायचा. "हाय आई. आय ऍम बिझी." पडद्यावर रिकामी खुर्ची. नवरा आणि मी मग तारखांबद्दल बोलायचो. कुणी रद्द केली तर आधीची तारीख मिळते, म्हणून आम्ही दोघं दोन देशांतून ती वेबसाइट उघडून बसायचो. फार वेळा उघडली की ती आम्हाला तीन दिवस बाहेर ठेवायची. एकदा डिसेंबरची तारीख दिसली. मी बटण दाबेपर्यंत गेली. नवरा म्हणाला, "तुझं नेट स्लो आहे." मी म्हटलं, "तू तरी कुठे दाबलंस?" त्यानंतर आम्ही दोन आठवडे फक्त मेसेजवर बोललो.

फेब्रुवारीत मुंबईला मुलाखत झाली. खिडकीपलीकडे माझ्याहून लहान वयाची एक बाई होती. पाच महिने मी उत्तरं पाठ केली होती. जुना पासपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नेला होता. तिने पिशवीकडे बघून विचारलं, "व्हॉट हॅपन्ड?"

"फ्लड," मी म्हटलं.

तिने काहीतरी टाइप केलं. दोन मिनिटांत ती म्हणाली, "ॲप्रूव्ह्ड." मी खिडकीसमोरून हललेच नाही. मागच्या माणसाला "एक्स्क्यूज मी" म्हणावं लागलं.

बॉस्टनला उतरले तेव्हा बर्फ पडत होता. बाहेर तिघं उभी होती. मुलगा काकूंचा हात धरून होता. मी वाकले, हात पसरले. तो म्हणाला, "हाय आई," आणि काकूंकडे वर बघितलं, जाऊ का, असं. काकूंनी त्याचा हात सोडला आणि मागे सरकल्या. तो आला, पण अंग अवघडून. पाच महिन्यांत तो उंच झाला होता. त्याच्या केसांना वेगळ्याच शाम्पूचा वास होता.

घरी त्याने मला सगळं दाखवलं, पाहुण्यांना दाखवावं तसं. चमचे आता या खणात असतात. दूध आता असं गरम करतो. जेवताना तो काकूंनी शिकवलं तसं 'वदनी कवळ' म्हणाला, स्पष्ट, पूर्ण. इतकी वर्षं मी कधी शिकवलं नव्हतं. नवरा मला म्हणाला, "थकली असशील, झोप." मी त्याला विचारलं, "तू माझ्यावर रागावला आहेस का?" तो म्हणाला, "होतो. आता माहीत नाही." हे त्याने खरं सांगितलं, म्हणून मला त्यावर विश्वास ठेवता आला.

आता वर्ष होत आलं. आमचं बरं चाललंय, म्हणजे चालतंय. पायच्या त्या दुकानवालीचं काय झालं ते मला माहीत नाही. मी तिचं नावही विचारलं नव्हतं.

गेल्या शनिवारी मी दूध आणायला निघाले, गाडीची किल्ली उचलली. मुलगा जिन्यावर उभा होता. "आई," तो म्हणाला, "हाऊ मेनी डेज?"

"वीस मिनिटं," मी म्हटलं. "दूध आणायला जातेय."

तो खाली आला, बूट घालायला बसला. उजवा डाव्या पायात घातला. मी किल्ली धरून दाराशी उभी राहिले आणि तो ते काढून पुन्हा नीट घालेपर्यंत थांबले.